अंगावरून उतरलेले कपडे

माझं लग्न झालं तेव्हा माझे घरधनी फ्लाक भागातल्या एका साखरेच्या कोठीवर ऊस खुरपत होते. मळा, गिरणी, मालकाचा बंगला आणि आमच्या गवती झोपड्यांची वस्ती, या सगळ्याला मिळून मॉरिशसमधले आपले लोक कोठी म्हणत. करार संपला तसा त्यांनी पुन्हा अंगठा उठवला नाही. "आता घंटा झाली म्हणून उठायचं नाही," म्हणाले, आणि पाठीवर बोचकं घेऊन जुने कपडे विकायला लागले.

पोर्ट लुईला गोऱ्या लोकांच्या घरचं सामान लिलावात निघायचं. कुणी फ्रान्सला परत जायचं, कुणाचं दिवाळं वाजायचं, कुणी मरायचं. कपाटं, घड्याळं, पलंग मोठे व्यापारी उचलायचे. शेवटी उरायचे ते कपडे, एकत्र गाठ मारून. ते गाठोडं आमच्या झोपडीत आलं की माझं काम सुरू व्हायचं. मी उसवायची, राखेच्या पाण्यात उकळायची, गेलेला भाग कापून टाकायची आणि उरलेल्यातून आपल्या माणसांना घालता येईल असं काहीतरी शिवायची. मडमांच्या झग्यांच्या काखा नेहमी गेलेल्या असायच्या. व्हरांड्यात वारा घेत बसणाऱ्या बायकांनाही घाम येतो आणि त्याचा वास आमच्या घामासारखाच असतो, हे मला त्या कामात कळलं.

तेव्हा मडमा पोलादी कड्यांच्या पिंजऱ्यावर घागरे घालत. एकेका घागऱ्यात कापड इतकं, की उसवून पसरलं तर आमच्या झोपडीची जमीन झाकून जायची. कड्यांचा आम्ही दुधीच्या वेलाला मांडव केला होता.

सुरुवातीला बाया आमच्या दारातही येत नसत. पुरुषांचं निराळं होतं. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे अंगाला काकडा भरायचा, तेव्हा गोऱ्या शिपायांचे जुने लाल कोट हातोहात जायचे. पण दुसऱ्या बाईच्या अंगावरून उतरलेलं, त्यातही कदाचित मेलेल्या बाईचं, आपल्या अंगावर घालायचं म्हणजे बायांना शिसारी येई. आणि या बाबतीत सगळ्यांत कडक होती माझी मावशी.

मावशी म्हणजे रक्ताची नव्हे. माझ्या आईच्या शेजारी जहाजात तिची वळकटी होती. समुद्रावर दोघींनी एकमेकींना बहीण मानलं. कोठीवर आल्यावर काही वर्षांत पटकीची साथ आली, तिच्यात माझे आईबाप गेले, आणि मावशीनं मला आपल्या झोपडीत नेलं. तिला एकच मुलगी, माझ्यापेक्षा बरीच लहान. नवरा तिचाही लवकर गेला. मावशी आयुष्यभर खुरपणी करून आम्हा दोघींना वाढवत होती. रत्नागिरीकडून येताना नेसलेलं लुगडं तिनं इतकं दंड घालून वापरलं, की शेवटी मूळ कापड कोणतं आणि जोड कोणता हे तिलाही सांगता आलं नसतं. ते विरल्यावर ती दुकानातलं निळं जाडंभरडं नेसायची. पण नवं, कोरं. साथीत मेलेल्यांच्या घोंगड्या कोठीच्या कारकुनानं वाटल्या, तेव्हा तिनं आपली परत केली होती आणि सबंध थंडी आम्ही तिघी एका घोंगडीत काढली होती.

माझ्या घरधन्यांचा धंदा तिला आवडला नाही. ती आमच्याकडे यायची, पण झोपडीत गाठोडं असेल तर बाहेर दगडावर बसायची.

"जावईबापू," ती म्हणायची, "माणसाचं सगळं जातं तेव्हा अंगावरचं तरी आपलं असावं."

ते हसून म्हणायचे, "मावशी, निळं कापड तरी आपलं कुठे? ते तर लांबून ओरडून सांगतं, हा मजूर चालला म्हणून."

त्यात खोटं काही नव्हतं. निळ्या कापडातला माणूस रस्त्यावर दिसला की शिपाई त्याला थांबवून पास मागायचा. काळ्या कोटातल्यालाही तो थांबवायचा, पण जवळ आल्यावर. तेवढं अंतर चालायला मिळावं म्हणून लोक कोट घेत होते, असं मला वाटतं.

मग आमच्या वस्तीच्या सरदारानं, म्हणजे मजुरांच्या मुकादमानं, एक काळा कोट घेतला. तो कोकणातलाच, पण मालकाच्या पायरीपर्यंत जाणारा माणूस. कोटाला आतून जांभळं रेशमी अस्तर होतं. होळीला भर उन्हात तो कोट घालून तो फिरला. घामानं निथळत होता, पण मधूनमधून कोटाची कड अशी उलटवायचा की अस्तर दिसावं. त्याच आठवड्यात दोघातिघांनी येऊन विचारलं, "अस्तराचा आहे का?"

बाया आल्या त्या त्यानंतर. आधी लेस. कुंच्याला लावायला, पदराच्या टोकाला लावायला, एवढीशी. मग चोळीला रेशमी बाही. मग अख्खी चोळी. आधी त्या झाकून न्यायच्या. नंतर नंतर विहिरीवर बाही दाखवून "कुठल्या घरातलं हे?" अशा गोष्टी व्हायला लागल्या. जुनं असणं हेच त्याचं मोल झालं. दुकानातलं नवं सुती कापड दुसरी कुणीही घेईल, पण बंगल्यातून आलेलं रेशीम एकीकडेच असणार. माझे घरधनी हुशार होते. त्यांनी कपड्यांबरोबर गोष्टी विकायला सुरुवात केली. हा झगा लाटसाहेबाच्या नाचाला गेला होता, ही शाल एका नवरीनं पांघरली आणि तिचा नवरा मोठा वकील झाला. मी एकदा म्हटलं, "अहो, कशाला खोटं बोलता?" तर म्हणाले, "खरं कुणाला हवंय गो? सांगितलं नाही तर त्या स्वतः विचारतात."

मावशीची मुलगी तेव्हा वयात आली होती. ती कोठीवरच जन्मलेली. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलताना अर्ध्या वाक्यात क्रियोल, म्हणजे बेटावरची मोडक्या फ्रेंचची बोली, शिरायची. मावशीला ते कळायचं नाही, मग ती मला विचारायची, "काय म्हणते ही?" दुपारी माझ्याकडे येऊन ती उसवायला बसायची. हात हलका होता तिचा, कापड न फाडता टाका काढायची. एकदा एक हिरवा झगा आला. पोपटी नव्हे, शेवाळासारखा गडद, आणि हलवला की आत पिवळी झाक मारायची. तिनं तो उचलून गालाला लावला.

"गेत सा, ताई," ती म्हणाली. बघ हे, असं. "पाण्यासारखं आहे."

तिचं लग्न ठरलं होतं. बों अक्योयकडच्या कोठीवर आमच्याच सरदाराचा पुतण्या होता, त्याच्याशी. मुलगा चांगला होता, गिरणीत कामाला होता. त्या दिवसापासून ती रोज यायची आणि मी तो झगा कुणाला विकला नाही ना हे बघून जायची. मागितला मात्र नाही कधी. आईचा स्वभाव तिला ठाऊक होता.

मागायला आली ती मावशी. रविवारची सकाळ होती. गाठोडं झोपडीत होतं, तरी ती उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"ते हिरवं कुठे आहे?"

मी काढून दिलं. तिनं हात लावला नाही, नुसतं पाहिलं.

"सरदाराच्या घरात चाललीय," ती म्हणाली. "तिथल्या बाया रेशमात असणार. माझी पोर निळ्यात गेली तर तिला पहिल्या दिवसापासून मोरीकडे बसवतील. मी तिला काय देऊ शकले? निदान बाहेरून तरी दिसू दे." मग माझ्या घरधन्यांकडे वळून तिनं विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. मेलेलीचं नाही ना?"

"नाही मावशी. ती मडम क्युरपिपला राहायला गेली. वर थंडी असते ना, म्हणून इकडचे पातळ झगे काढून टाकले."

ते खरं होतं की नाही ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. लिलावात कुणी ते सांगत नाही.

मी तिच्यासाठी चोळी शिवली आणि मोठ्या तुकड्यांचा जोड देऊन वर घ्यायला शेला केला. जोड दिसू नये म्हणून त्यावर लेस बसवली. लग्नाच्या दिवशी ती मांडवात आली तेव्हा बिहारी बाया, मद्रासी बाया, सगळ्या उठून उभ्या राहिल्या. सरदाराच्या बायकोनं शेल्याचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं. मावशी लांब उभी होती. निळं नेसून. तिच्या तोंडावर मी तसं समाधान आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर पाहायला मिळालं नाही.

ताप बंदराकडून आला. आधी थंडी भरायची, मग अंग भाजायचं, मग घाम सुटायचा आणि माणसाला वाटायचं की सुटलो. दोन दिवसांनी पुन्हा थंडी. असं करत करत माणूस पिवळा पडून जायचा. पोर्ट लुईतले पैसेवाले घरं बंद करून आगगाडीनं वर, क्युरपिपच्या थंड हवेत पळत होते. मागे राहिलेलं सामान मिळेल त्या किमतीला निघत होतं. माझे घरधनी एका खेपेला कधी आणलं नव्हतं एवढं घेऊन आले. सहा जणींचे झगे असतील. पांढरे परकर तर ढिगानं.

"आता पुरे," मी म्हटलं. "तिकडे जाऊ नका."

"ही संधी पुन्हा यायची नाही," ते म्हणाले. "शहर रिकामं होतंय गो."

त्यांचे डोळे चमकत होते. मला ते आवडलं नाही. पण मीही पाणी तापत ठेवलं आणि परकर धुवायला घेतले.

आमच्या वस्तीत पहिल्यांदा एक गाडीवान पडला. त्यानं आमच्याकडून काहीच घेतलेलं नव्हतं. मग सरदाराचा धाकटा मुलगा. मग एकेका झोपडीतून दोन-दोन, तीन-तीन. तापावरचं कोयनेल शहरात संपलं होतं. कोठीच्या इस्पितळात गेलेले परत येत नाहीत असं दिसल्यावर लोक आजारी माणसाला घोंगडीखाली लपवायला लागले. ऊस उभाच राहिला. रोज कुणीतरी विचारायचं की हे आलं कुठून, आणि मग नजर आमच्या झोपडीकडे जायची.

एका दुपारी सरदार माणसं घेऊन आला. घरधनी दारात उभे राहिले.

"बाजूला हो," सरदार म्हणाला. "मेलेल्यांची घाण आमच्यात आणलीस तू."

"गाडीवानानं माझ्याकडून काय घेतलं होतं? एक बटण तरी?"

सरदाराचा मुलगा आदल्या दिवशी गेला होता आणि तो उभा होता तोही धड उभा नव्हता. माणसांनी गाठोडी बाहेर ओढली, वाटेवर ढीग केला आणि पेटवलं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. बायांनी आपापल्या घरातून चोळ्या, लेसचे पदर आणून त्यात टाकले. काहीजणी टाकताना रडत होत्या. कुणाची तरी पोर आपला लेसचा कुंचा सोडेना, तिच्या डोक्यावरून तो ओढून काढला. सरदारानं आपला काळा कोट मात्र आणला नाही. कुणी विचारलंही नाही.

धुतलेले परकर झोपडीच्या मागे घायपाताच्या कुंपणावर वाळत होते. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ते तेवढे राहिले.

त्यानंतर कुणी आमच्याशी बोलेना. विहिरीवर मी गेले की बाया बाजूला व्हायच्या. घरधनी दिवसभर जळक्या ढिगाकडे पाठ करून बसायचे. ताप थांबला नाही, तो कपडे जळून गेल्यावर जास्तच वाढला. आणि मग दुकानातलं पांढरं कापड संपलं.

त्या बेटावर आमच्या माणसांना जाळता येत नसे, पुरावं लागे. पण पुरायचं तरी कोऱ्या पांढऱ्या कापडात, एवढी रीत सगळे सांभाळून होते. वस्तीच्या दुकानदारानं आधी थान संपल्याचं सांगितलं, मग दुकानच बंद केलं, मग तोही पडला. शहराकडून माल येत नव्हता. लोक माणसं पोत्यात घालून नेऊ लागले.

आमच्या दारात पहिली आली ती सरदाराची बायको. ती आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. पदर तोंडाशी धरलेला.

"पांढरं आहे का गो काही तुझ्याकडे?"

मी कुंपणावरून परकर आणला. दोन्ही बाजूंनी उसवला तशी लांब पट्टी झाली. तिनं ती घेतली आणि गेली. सरदारासाठी होतं ते. कोट त्याच्याबरोबर पुरला की नाही, मी विचारलं नाही.

मग सगळेच यायला लागले. ज्यांनी गाठोडी बाहेर ओढली होती तेही. मी दारातच सुई आणि कात्री घेऊन बसले. एक परकर उसवला की दोन माणसं निघत, लहान मूल असेल तर जास्त. मडमांच्या परकरांना खाली झालर असायची, ती काढून द्यायची, कारण मेलेल्याला झालर बरी दिसत नाही असं सगळ्यांचं मत होतं. माझ्या पायाशी झालरींचा ढीग पडला होता. माझ्या घरधन्यांनी उठून मला मदत करायला सुरुवात केली. एकदा म्हणाले, "माझा सगळा माल संपत आला बघ."

शिमग्याला मावशीची मुलगी माहेरी आली होती. सासरच्या कोठीवर ताप जास्त होता म्हणून नवऱ्यानंच आणून सोडलं, आणि तो परत गेला तो तिकडेच वारला. तिला ते कळू दिलं नाही. ती आली तेव्हा बरी होती. आठवडाभरात अंथरुणाला खिळली. मी रोज जायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची. तापात ती क्रियोलच बोलायची. मावशी माझ्याकडे बघायची, "काय म्हणते ही?" मी सांगायची, पाणी मागते. खरं तर ती नवऱ्याला हाक मारायची.

ती गेली त्या सकाळी मावशी माझ्या दारात आली. आत येऊन तिथेच बसली, जिथे हिरवं रेशीम मागायला बसली होती. मी तिच्याकडे पाहून समजले.

"दे," ती म्हणाली.

तेव्हा शेवटचे दोन परकर उरले होते. त्यातला चांगला मी उचलला. बारीक सुताचा, खाली हातभर लेसची झालर. मी कात्री लावली, तर तिनं माझा हात धरला.

"लेस राहू दे."

"मावशी, कुणी ठेवत नाही गो."

"राहू दे. तिला आवडली असती."

मी म्हटलं, "मावशी, कोरं नाही हे. कुणाचं आहे, जिवंत आहे की..."

"असू दे," ती म्हणाली. "आता काय विचारायचं राहिलंय?"

आम्ही दोघींनी मिळून तिला गुंडाळलं. लेस पायांकडे आली. मावशीनं ती दोन्ही हातांनी सरळ केली, चुणी राहिली होती तीही काढली. मग माणसं आली.

शेवटचा परकर त्याच संध्याकाळी एका बिहारी बाईला दिला, तिच्या लेकरासाठी. त्यामुळे माझे घरधनी गेले तेव्हा पांढरं असं काही उरलं नव्हतं. ते दोनदा बरे झाले होते, तिसऱ्या पाळीत उठले नाहीत. मी माझं लग्नातलं जुनेर काढलं आणि त्यात त्यांना मातीला दिलं. त्यांच्या मागे चार माणसं आली. तेव्हा चार म्हणजे पुष्कळ होती.

ताप ओसरल्यावर जहाजांतून नवी माणसं आली. झोपड्या पुन्हा भरल्या. कोठीवर मला कुणी राहू नको असं म्हटलं नाही, पण मला तिथे राहवेना. मी क्वात्र बॉर्न गावाच्या वाटेवर एका घरी धुणं-शिवण धरलं. तिथेच जुन्या कपड्यांचं काम मला पुन्हा करावं लागलं, दुसरं काही येत नव्हतं. गिऱ्हाईक आधीपेक्षा जास्त होतं. ज्यांना घरांची, माणसांची आस उरली नव्हती, ते हाताला येईल ते घेत होते आणि अंगावर घालत होते. मेलेल्याचं आहे का, असं त्या वर्षानंतर मला कुणी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. त्या वर्षी शहरातून बाहेर पडलेला कुठला कपडा जिवंत माणसाचा होता?

मी मावशीला म्हटलं होतं, माझ्याबरोबर चल. ती आली नाही. त्या वयात तिनं पुन्हा करारावर अंगठा दिला आणि खुरपं हातात घेतलं. मी वर्षातून एकदोनदा आगगाडीनं तिच्याकडे जायची. ती उसाबद्दल बोलायची, पावसाबद्दल बोलायची, नव्या सरदाराला शिव्या द्यायची. मुलीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.

शेवटच्या खेपेला तिनं मला ओळखलं नाही. ती चुलीपुढे बसली होती, डोळ्यांत सारा वाढून दिसेनासं झालेलं. मी वाकून पाया पडले.

"कुणाची गो तू?" तिनं विचारलं.

मी माझ्या आईचं नाव सांगितलं, जहाजाचं सांगितलं. ती ऐकत राहिली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"लांबून आलीस," ती म्हणाली. "बस. भात खाऊन जा."

तिनं चाचपडत ताटली शोधली आणि भात वाढला. मी तिथेच बसून जेवले. ती समोर बसून, पुढे झुकून, मी पुरेसं घेतलं का ते ऐकत होती.